मागच्या चाकांच्याही मागे

गाड्यांच्या एखाद्या दर्दी माणसाला विचारून पाहा, तुला ही गाडी का आवडते? तो अश्वशक्ती सांगेल, ताशी शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते ते सांगेल, कुठल्या साली कुठली शर्यत जिंकली तेही सांगेल. मग विचारा, सगळ्यांत पहिल्यांदा काय आवडलं होतं? इथे तो थांबतो. आणि मग जे सांगतो ते अगदी बारीकसं असतं. मागच्या दिव्याचा गोल. बोगद्यात गिअर उतरवल्यावर उठलेला आवाज. दार लागतानाचा खटका. पुढच्या चाकावरचा पत्र्याचा उंचवटा. टॉर्कच्या आकड्यावर भाळून कुणी गाड्यांच्या एखाद्या घराण्याचा, म्हणजे कंपनीचा, कायमचा झाला, असं मी अजून ऐकलेलं नाही.

माझ्या बाबतीत तो एक उतार होता. शाळकरी वयात एका जुन्या मासिकात पोर्शे ९११ चा फोटो पाहिला, अगदी बाजूने घेतलेला. पुढच्या काचेच्या वर टप सर्वांत उंच होतं आणि तिथून निघालेली रेष मागच्या बंपरपर्यंत कुठेही न तुटता उतरत गेली होती. काच कुठे संपते, इंजिनचं झाकण कुठे सुरू होतं, याची त्या रेषेला जणू खबरच नव्हती. वहीच्या मागच्या पानांवर मी ती कितीतरी वेळा काढली. उतार जरा सरळ झाला की दुसरीच कुठलीतरी गाडी व्हायची, जरा जास्त वाकला की फुगलेली दिसायची. ती रेष एकाच जागी बरोबर होती आणि ती जागा कुणीतरी शोधून काढली होती. कुणी, कधी, कशासाठी, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. इंजिन मागे असतं, हेसुद्धा नाही.

मला वाटतं, एखाद्या घराण्यावर जीव जडणं दोन टप्प्यांत घडतं. पहिला टप्पा डोळ्यांचा किंवा कानांचा. तो क्षणात होतो, आणि बहुतेकदा अशा वयात, जेव्हा गाडी घेण्याचा प्रश्नच नसतो. दुसरा कधीकधी बऱ्याच वर्षांनी येतो. आपल्याला उगाच आवडलेल्या गोष्टीमागे कुणाचा तरी हट्ट होता, हे तेव्हा कळतं. पहिला टप्पा पुष्कळांच्या वाट्याला येतो. रस्त्यावरून गेलेल्या देखण्या गाडीकडे वळून पाहणारे सगळेच त्यात आले. दुसरा ज्याच्या वाट्याला आला, तो मग सुटत नाही.

माझ्या त्या उतारामागचा हट्ट ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड नावाच्या लहान गावापर्यंत मागे जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर फेर्डिनांड पोर्शे यांचा मुलगा फेरी तिथे लाकूड कापायच्या एका जुन्या गिरणीत गाडी बांधत होता. साहित्याची टंचाई होती आणि हाताशी होते ते फोक्सवागनचे सुटे भाग. ८ जून १९४८ रोजी पोर्शे हे नाव मिरवणाऱ्या पहिल्या गाडीला, म्हणजे ३५६ क्रमांक १ ला, रस्त्यावर चालवण्याचा परवाना मिळाला. या पहिल्या गाडीत इंजिन मागच्या चाकांच्या पुढे होतं. तोल सांभाळायचा तर तीच जागा योग्य. पण त्यानंतरच्या ३५६ मध्ये त्यांनी ते उचलून चाकांच्या मागे नेलं. सीटच्या मागे सामानाला आणि जमलंच तर आणखी कुणाला बसायला जागा हवी होती, शिवाय फोक्सवागनची मूळ मांडणी तशीच असल्याने खर्चही वाचत होता. पुढचा सगळा इतिहास, त्यातल्या शर्यती, त्यातले वाद आणि मी वहीत गिरवत होतो ती रेषसुद्धा सामानासाठी काढलेल्या त्या जागेतून निघाली आहे. हे जेव्हा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ खूश होतो. आपल्याला देखणी वाटलेली वस्तू कुणी देखणी व्हावी म्हणून केलेली नव्हती, यात मला मोठा आनंद वाटतो.

ग्म्युंडमध्ये पन्नासेक गाड्या झाल्या, लाकडी साच्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून. १९५० मध्ये बिऱ्हाड श्टुटगार्टच्या झुफेनहाउझेन भागात गेलं आणि पुढच्याच वर्षी ३५६ ने फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ११०० सीसीचा गट जिंकला.

९११ आली ती सप्टेंबर १९६३ मध्ये, फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात. तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मध्ये शून्य असलेल्या आकड्यांवर प्यूजोने हक्क सांगितला म्हणून ते बदललं. आकार दिला तो फेरींच्या मुलाने, फेर्डिनांड अलेक्झांडरने. मागे दोन लीटरचं, सहा सिलिंडरचं, १३० अश्वशक्तीचं इंजिन. तीन सिलिंडर एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला, सगळे आडवे झोपलेले, आणि त्यांना थंड ठेवायला पाण्याऐवजी पंख्याची हवा आणि तेल. हे एकदा ध्यानात घेतलं की गाडीचा चेहरा आपोआप उलगडतो. पाणीच नाही म्हणून पुढे रेडिएटर नाही, रेडिएटर नाही म्हणून जाळी नाही. इंजिन मागे असल्याने दोन दिव्यांच्या मधलं बॉनेट दिव्यांपेक्षा खाली जाऊ शकतं. आणि इंजिन आडवं, बुटकं असल्याने मागचा उतार त्याच्यावरून सहज निघून जातो. मला आवडलेली रेष म्हणजे यंत्राच्या मांडणीवर ओढलेलं पांघरूण होतं.

आता यातली गोम. इंजिन मागच्या अॅक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्याही, मागे टांगलेलं असल्याने गाडीचं जास्त वजन शेपटीत असतं. काठीच्या एका टोकाला दगड बांधून ती गरकन फिरवली की दगडाचं टोक आपल्याला ओढून नेऊ पाहतं, तसंच इथे होतं. वळणात शिरल्यावर घाबरून चालकाने अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की वजन पुढे सरकतं, मागच्या टायरांची पकड सैल होते आणि जड शेपूट बाहेरच्या बाजूला निघते. सुरुवातीच्या गाड्यांत हा स्वभाव इतका तीव्र होता, की काही काळ पुढच्या बंपरच्या आत दोन्ही टोकांना प्रत्येकी ११ किलोंच्या आसपास वजनं लपवून बसवली गेली. नाक जमिनीला धरून राहावं म्हणून. मग १९६९ च्या मॉडेलसाठी मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली आणि एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढे, दोन बाजूंना ठेवल्या.

कुणीही सुज्ञ माणूस म्हणेल, अहो, एवढ्या खटपटी करण्यापेक्षा इंजिन पुढे आणा की! खरंच सोपं होतं ते. पण त्या मांडणीने बदल्यात जे दिलं, ते त्यांना सोडवत नव्हतं. वळण संपता संपता अॅक्सिलरेटर दाबला की सगळा भार ओढणाऱ्या चाकांवर येतो आणि गाडी जमिनीत नखं रोवल्यासारखी सुटते. जोरात ब्रेक लावला की बहुतेक गाड्यांचं मागचं अंग हलकं पडतं. इथे इंजिन त्याला दाबून धरतं, त्यामुळे चारही चाकं थांबवण्याच्या कामाला लागतात. फक्त चालकाने एक शिकायचं: वेग वळणाआधी उतरवायचा, आत शिरल्यावर डगमगायचं नाही, आणि बाहेरची वाट दिसली की निःशंक पाय द्यायचा. ज्यांनी ही गाडी वर्षानुवर्षं चालवली आहे, ते तिच्याबद्दल बोलताना शिकवणीबद्दल बोलल्यासारखे बोलतात. गाडीने आपल्याकडून काहीतरी मागितलं आणि आपण ते देऊ शकलो, याचं समाधान त्यांच्या बोलण्यात असतं. मला वाटतं, महागड्या गाड्यांच्या दुनियेत हे समाधान फार थोड्यांना मिळतं.

कंपनीनेही एकदा हार मानली होती. १९७७ मध्ये त्यांनी ९२८ आणली. इंजिन पुढे, पाण्याने थंड होणारं, आठ सिलिंडरचं. उत्तम गाडी. १९७८ ची युरोपातली सर्वोत्तम गाडी म्हणून तिची निवड झाली, आणि हळूहळू ९११ ची जागा तिने घ्यावी असं ठरत होतं. मग १९८१ मध्ये पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी स्वतः सांगितलेला प्रसंग असा, की मुख्य अभियंते हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर पुढच्या वर्षांचा तक्ता होता. इतर मॉडेलांच्या रेषा पुढे गेलेल्या, ९११ ची १९८१ च्या अखेरीला थांबलेली. शुट्झ यांनी पेन उचललं आणि ती रेष कागदाच्या बाहेर, भिंतीवरून दारापर्यंत ओढत नेली.

घराण्याशी बांधून ठेवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे त्यातली माणसं. हान्स हेरमान यांचंच पाहा. १९६९ च्या ल मांमध्ये चोवीस तास गाडी पळवून त्यांची पोर्शे ९०८ शेवटी जॅकी इक्सच्या फोर्डमागे सुमारे १२० मीटरवर राहिली. चोवीस तासांनंतर १२० मीटर! पुढच्या वर्षी, जून १९७० मध्ये, पावसाने झोडपलेल्या त्याच शर्यतीत हेरमान आणि रिचर्ड अॅटवूड यांनी पोर्शेची ९१७ जिंकून आणली. नुसत्या गटातला नव्हे, सगळ्या गाड्यांत पहिला येण्याचा पोर्शेचा ल मांमधला तो पहिला विजय. आपण ही शर्यत जिंकलो तर थांबू, असा शब्द हेरमान यांनी पत्नीला दिला होता. ते थांबले. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला संग्रहालयातली ती लाल-पांढरी गाडी नुसती गाडी वाटणं शक्य नाही.

प्रत्येक घराण्यात शिरण्याची वाट मात्र निराळी. फेरारीचे भक्त मला नेहमी माणसांमधून, वारशातून आलेले वाटतात. त्यांच्या घोड्याचीच गोष्ट घ्या. पहिल्या महायुद्धातला इटालियन वैमानिक फ्रान्चेस्को बराक्का आपल्या विमानावर उधळलेला घोडा रंगवत असे. १९१८ मध्ये तो मारला गेला. १९२३ मध्ये एन्झो फेरारी एक शर्यत जिंकले, बराक्काच्या आईवडिलांशी ओळख झाली, आणि आईने सुचवलं की माझ्या मुलाचा घोडा तुमच्या गाडीवर लावा. म्हणजे ते चिन्ह मुळात एका आईच्या दुःखातून आलेलं. आणि १९८८ चं मॉन्झा. १४ ऑगस्टला एन्झो गेले. फॉर्म्युला वनच्या त्या हंगामात मॅक्लारेन संघाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. उरलेली एक होती इटलीतली, मॉन्झाच्या मार्गावरची, ११ सप्टेंबरची. शेवटून दुसऱ्या फेरीत आघाडीवर असलेला मॅक्लारेनचा आयर्टन सेना एका मागे पडलेल्या गाडीला धडकला आणि बर्गर व अल्बोरेटो या दोघांनी फेरारीला पहिला आणि दुसरा क्रमांक मिळवून दिला. त्या दिवशी मॉन्झाच्या कठड्यावर वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या मुलाला फेरारी का आवडते, हे कुणी विचारायची गरज नाही.

लॅम्बोर्गिनीचं प्रेम आश्चर्यातून येतं. १९७१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मार्चेल्लो गान्दीनी यांनी रेखलेली काउंटाच उभी राहिली तेव्हा तिच्यासारखं रस्त्यावर दुसरं काहीच नव्हतं. पाचरीसारखा आकार, दारं वर उघडणारी. पुढची दोन दशकं ती असंख्य मुलांच्या खोल्यांच्या भिंतींवर राहिली. मागचं जवळजवळ काही दिसत नसल्याने ती मागे घ्यायची तर दार वर उचलून दाराखालच्या पट्टीवर बसायचं आणि मान वळवून पाहायचं, ही तिची ख्यातीच झाली. तिच्या चाहत्यांसमोर हा दोष काढून पाहा, ते अभिमानाने मान डोलावतील. आणि गुप्तहेराच्या चित्रपटांमुळे अॅस्टन मार्टिनवर जडलेली माणसंही आहेतच. त्यांना मी कमी लेखत नाही. पडद्यावरची गाडी आधी आवडली आणि तिच्या नावातली डी आणि बी ही अक्षरं कंपनीचे एकेकाळचे मालक डेव्हिड ब्राऊन यांची आहेत हे नंतर कळलं, तर त्यात काय बिघडलं?

हवेने थंड होणाऱ्या एका जुन्या ९११ मध्ये मला एकदा चालकाशेजारी बसायला मिळालं. चित्रावर जडलेला जीव खऱ्या गाडीत बसल्यावर टिकतो का, अशी धाकधूक मनात होती. आत शिरताच पहिलं जाणवलं ते हे, की बाहेरून एवढी लहान दिसणारी गाडी आतून किती मोकळी आहे! काच बरीचशी उभी, खांब बारीक. पुढच्या चाकांवरचे दोन उंचवटे काचेतून सरळ दिसतात आणि त्यांच्या टोकाला दिवे, त्यामुळे गाडीचे दोन्ही कोपरे कुठे आहेत हे बसल्या जागी कळतं. समोर पाच गोल, मधला सर्वांत मोठा, आणि तो वेग दाखवत नाही. इंजिन किती फेरे घेतंय ते दाखवतो. पेडल जमिनीतून वर आलेली. किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या हाताला.

आणि आवाज. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनभोवती पाण्याचा थर असतो, तो पुष्कळ आवाज गिळतो. इथे तो थरच नाही. पंख्याची घरघर, साखळ्यांची सळसळ, व्हॉल्व्हची बारीक टकटक, सगळं सुटं सुटं ऐकू येतं आणि फेरे वाढले की एकत्र होऊन पाठीला येऊन भिडतं. तो आवाज पुढून येत नाही, ही गोष्ट वाचून माहीत असणं वेगळं आणि पाठीला कळणं वेगळं. एका लांब उजव्या वळणात चालकाने आधी वेग उतरवला, स्टिअरिंग हलक्या हाताने आत घेतलं, क्षणभर वाट पाहिली आणि पाय दिला. गाडी मागे बसली आणि सुटली. बंपरमधली वजनं, ५७ मिलिमीटर, दोन बॅटऱ्या, मी वाचलेलं सगळं त्या वळणात हजर होतं. उतरल्यावर चालकाने विचारलं, कशी वाटली? मला नीट उत्तर देता आलं नाही.

असं प्रेम असेल तर रागही तसाच असतो. १९९७ मध्ये नव्या ९११ ला पाण्याने थंड होणारं इंजिन आलं आणि १९९८ मध्ये हवेने थंड होणारी शेवटची ९११ कारखान्यातून बाहेर पडली. कारण उघड होतं. धुराचे आणि आवाजाचे नियम कडक होत होते, ताकद हवी तर प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह हवेत आणि तेवढी उष्णता हवेने निघत नाही. शिवाय नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी पार डबघाईला आली होती. पण भक्त कारणांनी शांत होत नाहीत. त्यातून नव्या गाडीचे पुढचे दिवे पोर्शेच्याच स्वस्तातल्या बॉक्स्टरसारखेच होते, त्या दिव्यांवरून जे रण माजलं ते आजही पुरतं विझलेलं नाही. २००२ मध्ये कायेन ही उंच, अवजड गाडी आली तेव्हा तर घराणं बुडालं म्हणून लोक हळहळले. याच दोन गाड्यांनी, बॉक्स्टरने आणि कायेनने, पुढच्या ९११ साठी पैसा उभा केला. मी स्वतः तेव्हाही कायेनच्या विरोधात नव्हतो, आजही नाही. ज्या घरात सामानाच्या जागेसाठी इंजिन मागे गेलं, त्या घराने पुन्हा एकदा सामानाचा आणि माणसांचा विचार केला, एवढंच मला त्यात दिसलं. ते दिवे मात्र मलाही आवडले नव्हते.

आताची मुलं या वेडात वेगळ्याच वाटांनी शिरतात. पुष्कळांची पहिली पोर्शे पडद्यावरची असते, हातात खेळातलं स्टिअरिंग. हे उथळ आहे असं म्हणणाऱ्या जुन्या लोकांशी माझं पटत नाही. यातल्या कित्येक मुलांना जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गाच्या वीस किलोमीटरहून लांब उत्तर फेरीचं वळण न् वळण पाठ असतं. तिथे १९८३ मध्ये श्टेफान बेलोफने पोर्शेच्या ९५६ या शर्यतीच्या गाडीतून ६ मिनिटं ११.१३ सेकंदांत फेरी मारली आणि तो वेग पुढे ३५ वर्षं कुणाला गाठता आला नाही, हे मी त्यांना सांगायला गेलो तर तेच मला कुठल्या वळणावर त्याने किती धोका पत्करला असेल ते समजावतात. त्यांनी ते वळण हाताने घेऊन पाहिलेलं असतं. मी फक्त वाचलेलं. २०१९ पासून पोर्शेची विजेवरची टायकानही आहे. तिच्यावर पहिला जीव जडलेली मुलं मोठी होत आहेत, आणि त्यांना काय आवडलं हे ऐकायला मला मनापासून आवडेल. आवाज तर नक्कीच नाही. कदाचित सुटतानाचा तो धक्का, कदाचित बसकं, रुंद मागचं अंग.

२०२४ मध्ये ९११ मध्येही विजेची मदत घेणारं इंजिन आलं. बातमी आली तेव्हा सगळीकडे ताकदीचे आकडे होते, वेगाचे आकडे होते, गाडी साधारण पन्नास किलोंनी जड झाली म्हणून कुरकूर होती. मी आधी एकच गोष्ट शोधली: ती बॅटरी कुठे बसवली आहे. पुढे, बॉनेटखाली. इंजिन होतं तिथेच आहे.